सही खाली उजव्या कोपऱ्यात

जबाब
दिनांक २७ मार्च २०२५, वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटे

मी, शेखलाल गुलाब तांबोळी, वय ५५ वर्षे, धंदा नोकरी (रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर), राहणार कारेगाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, मूळ राहणार दौंड. मला आज कोणी बोलावलेले नाही. कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, स्वतःच्या मोटारसायकलवर, एकटा पोलीस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो ते असे.

वरील पत्त्यावर मी पत्नी अकिला हिच्यासह राहतो. मुलगी शाहिस्ता हिचे लग्न झाले असून ती दौंडला असते. कंपनीत मला चोवीस वर्षे झाली. त्यातली पहिली नऊ वर्षे प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या आवाजात गेल्याने मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या कानाने मोठ्याने बोलल्यास येते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार अंजना मॅडम यांना मी हे आधीच सांगितले आहे. त्यांनी चहा मागवला होता, परंतु मला रोजा असल्याने मी घेतला नाही.

माझ्या शेजारच्या घरात रोहिदास कोळपे राहतात. त्यांची मुलगी सुलक्षणा, वय २० वर्षे, ही शिरूरच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. ती मला मामा म्हणते. तिच्याविरुद्ध मडगाव येथील सागरी रोव्हर्स या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा तक्रार अर्ज ईमेलने या ठाण्याला आलेला आहे. दिनांक १० मार्च रोजी ती त्यांच्या महिला संघाच्या निवड चाचणीला गेली होती. तेथे तिने क्लबचे गोलकीपर श्री. ऑस्विन कुलासो यांच्या सहीचे शिफारसपत्र दिले. ते पत्र बनावट असून तिनेच तयार केले, असे अर्जात म्हटले आहे. त्यासाठी तिला दिनांक २० व २४ रोजी ठाण्यात बोलावले होते आणि आज पाच वाजता पुन्हा बोलावले आहे. तिने पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला आहे. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तिचे नाव अडकेल आणि ते कोणाला सोडवता येणार नाही, हे मला माहीत आहे.

ते पत्र सुलक्षणाने तयार केलेले नाही. ते मी तयार केले. पत्र खोटे आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हते आणि या घटकेलाही माहीत नाही.

हे कसे झाले हे सांगण्यासाठी मला माझ्या छंदाविषयी सांगावे लागेल. अंजना मॅडम म्हणाल्या, "काका, छंदाचं राहू द्या, मुद्द्याचं सांगा." मी म्हणालो की तोच मुद्दा आहे, लिहा. त्या लिहीत आहेत.

माझे वडील दौंडला रेल्वेत फिटर होते. रेल्वे कॉलनीच्या ग्राउंडवर तेव्हा रोज संध्याकाळी फुटबॉल चाले. मला खेळता कधी आले नाही, पायात दम नव्हता. मी लाईनीबाहेर उभा राहून बघायचो. १९९४ साली त्या ग्राउंडवर एक नावाजलेला खेळाडू बक्षीस समारंभाला आला होता, त्याची सही मी घेतली. तेव्हापासून एकतीस वर्षांत मी दोनशे बारा व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंच्या सह्या घेतल्या आहेत. दुकानांची उद्घाटने, शाळांचे क्रीडादिन, बक्षीस समारंभ, पुण्यातील हॉटेलांचे दरवाजे, जिथे म्हणून खेळाडू लोकांसमोर येणार असे कळेल तिथे मी जातो. आजकाल कोणी सही मागत नाही. खांद्यावर हात टाकायचा, मोबाईलमध्ये दात दाखवायचे आणि पळायचे. ज्याच्यासोबत फोटो काढला त्याचे आडनाव विचारा, शंभरातल्या नव्वदांना येणार नाही. हे माझे मत आहे आणि मी ते अनेकांना तोंडावर सांगितलेले आहे.

माझी सही घेण्याची पद्धत ठरलेली आहे. कोणी टी-शर्टवर घेतो, कोणी बॉलवर, कोणी वहीच्या मध्यभागी. मी कोऱ्या जाड पांढऱ्या कागदावर घेतो, आणि ती खाली उजव्या कोपऱ्यातच घेतो. परीक्षेला पोरे नेतात तसले पॅड, त्याला लावलेला कागद, दोन पेने. पॅड पुढे करायचे आणि म्हणायचे, "सर, खाली उजव्या कोपऱ्यात." वरची जागा मोकळी राहते. तिथे मी नंतर फोटो चिकटवतो आणि तारीख, ठिकाण, वेळ लिहितो. पुण्यात एका खेळाडूने मला विचारले होते, "काका, चेकवर सही घेताय का?" मी त्याच्यासोबत हसलो होतो. त्याचे म्हणणे किती खरे आहे हे मला तेव्हा समजायला पाहिजे होते.

ही सवय कंपनीतली आहे. आमच्याकडे तपासलेल्या मालाला एक टॅग बांधतात. त्यावर पार्ट नंबर, संख्या आणि खाली उजवीकडे इन्स्पेक्टरची सही असते. नियम असा की माल तपासल्यावर सही करायची. परंतु सकाळी सातला लाईन सुरू झाली की इन्स्पेक्टर चार ठिकाणी लागतो. म्हणून तो शिफ्टच्या सुरुवातीलाच पन्नास कोऱ्या टॅगवर सह्या करून ठेवतो आणि माल तयार होईल तशी वरची माहिती ऑपरेटर भरतात. हे चूक आहे. परंतु लाईन थांबू नये म्हणून मी ज्या ज्या कंपनीत पाहिले तिथे असेच चालते. मी सही केलेल्या टॅगचा एकही पार्ट चोवीस वर्षांत गिऱ्हाईकाकडून परत आलेला नाही. माल चांगला असेल तर सही आधी झाली की नंतर झाली याने काही बिघडत नाही, असे माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार रोजी दौंड येथे फुटबॉल स्पर्धेचे उद्घाटन होते. श्री. कुलासो यांना पाहुणे म्हणून बोलावले होते. वेळ दहाची होती, ते अकरा चाळीसला आले. त्यांना फेटा बांधला, शाल, श्रीफळ झाले. स्पर्धेचे अध्यक्ष मारुतराव यांनी अकरा मिनिटे भाषण केले, त्यात फुटबॉल हा शब्द दोनदा आला. मी घड्याळ लावून मोजले आहे, तो माझा स्वभाव आहे. अकरा अठ्ठावन्नला श्री. कुलासो गाडीकडे निघाले. फाटकाजवळ मी पॅड पुढे केले. पहिल्या कागदावर पेन अडकले आणि आडनावाचा शेवट उमटलाच नाही. मी लगेच तो काढून पॅडला दुसरा कागद लावला. ते म्हणाले, "अंकल, रिजेक्ट?" मी म्हणालो, "येस सर, रिजेक्ट." ते मनापासून हसले आणि दुसऱ्या कागदावर सावकाश, पूर्ण सही केली. माणूस चांगला आहे. या प्रकरणात त्यांचा काडीचाही दोष नाही, हे ठळक लिहावे.

मुलींचा सामना साडेबारा वाजता सुरू झाला. तेव्हा श्री. कुलासो ग्राउंडवर नव्हते. त्यांना निघून बत्तीस मिनिटे झाली होती.

मी सुलक्षणाच्या गोलमागे उभा राहून सामना पाहिला. मंडप ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथून तिला कोण बसले आहे हे दिसत नव्हते. दुसऱ्या हाफमध्ये तिने पेनल्टी अडवली. सामना संपल्यावर ती पळत माझ्याकडे आली. कोपरे सोललेली, तोंडावर माती. तिने माझ्या हातातले पॅड आणि त्यावरची सही पाहिली आणि विचारले, "मामा, सरांनी बघितली का वो पेनल्टी?" मी म्हणालो, "व्हय, बघितली." तिच्या तोंडाकडे पाहून मला 'नाही' म्हणवले नाही.

त्यानंतर दर रविवारी ती मला विचारू लागली, "सरांकडनं काय बोलावनं आलं का वो?" मी म्हणायचो, मोठ्या माणसांना वेळ लागतो. ती रांजणगावातच एका कंपनीत कंत्राटी कामगार होती. फेब्रुवारीत तिला तिथे वर्षभराचे काम देऊ केले, परंतु रविवारीही शिफ्ट होती. म्हणजे खेळ बंद. होय की नाही हे २० फेब्रुवारीपर्यंत सांगायचे होते. रोहिदास मला म्हणाले, "शेखलालभाई, तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकती ती. त्या सरांचं काय खरं हाय का, का पोरीनं नुस्ती वाट बघायची?" मी त्यांना तेव्हा खरे सांगू शकलो असतो. एका वाक्याचे काम होते.

मी ते केले नाही. दिनांक १८ फेब्रुवारी रोजी मी कारेगावातील एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मी सांगत गेलो तसा मजकूर दुकानदाराने इंग्रजीत टाईप केला. त्याला मी काय करतो आहे हे सांगितले नव्हते. दौंडच्या ग्राउंडवर अमुक तारखेला या खेळाडूचा खेळ मी पाहिला, तिला चाचणीची संधी द्यावी, असा मजकूर होता. मजकूर सहीवर येऊ नये म्हणून आधी दोन साध्या कागदांवर छापून पाहिले. मग माझा सहीचा कागद प्रिंटरमध्ये घातला. चांगली, पूर्ण सही मी पत्राला वापरली आणि माझ्या अल्बममध्ये पेन अडकलेली ठेवली. ती अपुरी सही मी सोबत आणली असून त्यावर वरच्या जागेत तारीख, ठिकाण व वेळ माझ्या अक्षरात आहे. पत्राचा कागद आणि हा कागद एकाच गठ्ठ्यातले आहेत, ताडून पाहावेत. सही खरी आहे हे त्यावरून कळेल.

पत्र पाकिटात घालून मी सुलक्षणाला दिले आणि कुलासो सरांनी माझ्या पत्त्यावर पाठवले असे सांगितले. तिने पाकीट डोक्याला लावले. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीत रविवारची शिफ्ट जमणार नाही असे सांगितले. महिनाअखेरीला तिचे काम गेले.

ते पत्र देताना मला चोरी करतो आहे असे वाटले नाही, हे मला येथे कबूल करायचे आहे. या मुलीचे चाळीसहून जास्त सामने मी बघितलेले आहेत. तिचा डावा हात, तिची उडी, गोल खाल्ल्यावर लगेच उभे राहणे, सगळे मी तपासलेले होते. माल चांगला होता. सही खरी होती. मी फक्त टॅग भरला, असे मी स्वतःला सांगितले. सही करणाऱ्याने मला टॅग भरायला सांगितलेले नाही, हे मी स्वतःला सांगितले नाही.

मडगावला काय झाले ते रोहिदास यांच्याकडून कळले. चाचणी सकाळी नऊची होती. सुलक्षणाने पत्र दिल्यावर तिला बाजूला बसवले. पत्राच्या शेवटी मी सवयीने "चेक्ड अँड फाउंड ओके" असे टाईप करायला सांगितले होते. आम्ही टॅगवर तेच लिहितो. क्लबच्या माणसांनी ते एकमेकांना वाचून दाखवले आणि हसले. त्यांनी श्री. कुलासो यांना फोन केला. असे पत्र मी कोणाला दिलेले नाही, असे ते म्हणाले. सुलक्षणा हातमोजे घालून तीन तास बसून होती. तिची चाचणी झालीच नाही. ती म्हणत राहिली, "सरांनी मला बघितलंय, त्यांनाच विचारा." तिला वाटले, क्लबच्या भीतीने ते नाही म्हणत आहेत. आजही तिला तसेच वाटते.

हे मला ११ मार्चला कळले. तेव्हापासून आजपर्यंत सोळा दिवस मी गप्प राहिलो. मी घाबरलो होतो. इन्स्पेक्टरच्या सहीवर कंपनी चालते. ज्याने दुसऱ्याच्या सहीचा असा वापर केला त्याच्या सहीवर माल कोण पाठवील? मला निवृत्तीला तीन वर्षे आहेत. सोळा दिवस मी रोज कामावर गेलो आणि माल तपासला. या सोळा दिवसांत एकाही कोऱ्या टॅगवर मी सही केली नाही. लाईन दोनदा थांबली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

दिनांक २४ रोजी संध्याकाळी, ठाण्यातून परत आल्यावर, सुलक्षणा आमच्या घरी आली. आम्ही नुकताच रोजा सोडला होता. अकिलाने तिला कलिंगडाची फोड दिली, ती तिने हातातच धरून ठेवली. ती मला म्हणाली, "मामा, तुमी काळजी करू नगा. पत्र कुनी आनून दिलं ते म्या सांगितलं न्हाई आन् सांगनार बी न्हाई." मग ती म्हणाली, "फकस्त एक करा. कुलासो सरांना तुमी फोन लावा. पत्र दिलं न्हाई म्हनले तरी चालंल मला. मला बघितलं हुतं एवढं म्हनू द्या. तेवढंच बास हाय मला."

मी मान हलवली. ती गेल्यावर अकिलाने दार लावले आणि मला विचारले, "उन्होंने देखा था क्या?" मी खरे ते सांगितले. ती म्हणाली, "तुम जाके बोलो. नहीं तो मैं जाके बोलती." त्यानंतर तीन दिवस आमच्या घरात कामापुरते बोलणे झाले आहे.

म्हणून मी आज आलो. पत्र मी तयार केले, सही मी मिळवली, श्री. कुलासो यांना माहीत नव्हते, सुलक्षणाला माहीत नव्हते, रोहिदास यांना अजूनही माहीत नाही. जी कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. माझ्या कंपनीला कळवायचे असल्यास माझी हरकत नाही. सुलक्षणाचे नाव कोणत्याही नोंदीत राहू नये, एवढीच माझी विनंती आहे. अल्बम घरी आहे. तपासाला लागल्यास तो पूर्ण देईन. परत मिळाला नाही तरी चालेल.

येथपर्यंतचे लिहून झाल्यावर अंजना मॅडम यांनी मला ते वाचून दाखवण्यास सुरुवात केली. सुलक्षणा व रोहिदास हे पाच वाजल्यापासून बाहेरच्या बाकड्यावर बसलेले आहेत, हे मला खिडकीतून दिसत होते. मी मॅडमना हळू वाचण्याची विनंती केली. त्यांनी हळू वाचले, ते मला ऐकू आले नाही. न ऐकता 'बरोबर आहे' असे मी म्हणणार नव्हतो. म्हणून त्यांना मोठ्याने वाचावे लागले. दार उघडे होते. त्यांनी दार लावू का असे विचारले. मी राहू द्या म्हणालो.

मुलींचा सामना साडेबाराला सुरू झाला, येथपर्यंत वाचन आले तेव्हा सुलक्षणा दारात येऊन उभी राहिली. मॅडम थांबल्या. मी म्हणालो, वाचा. शेवटपर्यंत वाचन झाले तरी ती तिथेच होती. तिने मला विचारले, "मंग ती पेनल्टी कुनी बघितली?"

मी म्हणालो, "म्या."

ती म्हणाली, "कशी अडवली, सांगा."

मी सांगितले की मारणारीने आधी उजवीकडे पाहिले, तू हलली नाहीस. बॉल डावीकडे खाली आला. तू पडलीस ती उशिरा पडलीस, हात पुरला नसता, परंतु मनगट वळवलेस आणि बॉल मनगटाला लागून खांबावर गेला. तू उठून पुन्हा त्याच्यावर पडलीस. कोपर तिथेच सोलले.

तिने सर्व ऐकून घेतले. मग ती बाहेर जाऊन तिच्या वडिलांशेजारी बसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. हेही जबाबात लिहावे असे मी सांगितल्यावरून लिहिलेले आहे, आणि एवढा वाढीव भागही मला मोठ्याने वाचून दाखवला आहे. मी डाव्या कानाने नीट ऐकला. सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे, त्यात कमीजास्त काही नाही.

शेवटची ओळ आणि सहीची जागा यांच्यामध्ये चार बोटे कागद कोरा राहिला होता. अंजना मॅडम यांनी पेन दिले आणि म्हणाल्या, "करा काका, हितं खाली, उजवीकडं." मी पेन घेतले नाही. त्या कोऱ्या जागेवर आधी तिरपी रेघ मारा, असे मी सांगितले. त्यांनी माझ्यासमोर रेघ मारली. त्यानंतर मी सही केली आहे.

(सही)
शेखलाल गुलाब तांबोळी
सायंकाळी ६ वाजून २५ मिनिटे